किल्ल्यातला पाहुणा

स्वामी विवेकानंद आपल्या बेळगावात राहून गेले, हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण बेळगावकरांनी त्यांना आधी काय समजलं होतं, ते मला यंदा वाचताना कळलं. आणि खरं सांगायचं तर, तिथं मला माझीच ओळख पटली.

नरेंद्रनाथ दत्त यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कोलकात्यात झाला. वडील विश्वनाथ वकील. घरी वेगवेगळ्या जातींचे पक्षकार येत, म्हणून हुक्केही वेगवेगळे ठेवलेले असत. दुसऱ्याचा हुक्का ओढला की जात जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे बघायला छोट्या नरेननं एकेक करत सगळे ओढून पाहिले, अशी आठवण सांगतात. पुढे तो आपल्यासारखाच ख्रिस्ती कॉलेजात शिकला. आज ते स्कॉटिश चर्च कॉलेज म्हणून ओळखलं जातं. १८८४ मध्ये तो बी. ए. झाला.

१८८६ मध्ये गुरू रामकृष्ण परमहंस गेले. त्यानंतर संन्यासी झालेला नरेंद्र देशभर भटकला. त्याच्याजवळ दोन पुस्तकं असत. एक गीता आणि दुसरं थॉमस आ केम्पिसचं ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’. आम्हा कॅथलिकांच्या कपाटात असतं तेच.

१८८८ च्या सुमारास वृंदावनच्या वाटेवर एक माणूस चिलीम ओढत बसलेला त्यांना दिसला. त्यांनी चिलीम मागितली. आपण सफाईचं काम करणारे, असं त्यानं सांगताच ते हात मागे घेऊन पुढे चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. लहानपणी सगळे हुक्के ओढणारा, जात सोडून संन्यास घेतलेला माणूस, आणि आतला भेद अजून तसाच! ते परत फिरले आणि त्याच चिलमीचा झुरका घेऊनच पुढे गेले.

ऑक्टोबर १८९२ मध्ये ते कोल्हापूरहून बेळगावला आले आणि भाटे वकिलांकडे उतरले. घरच्यांना हा पाहुणा विचित्रच वाटला. संन्यासी, आणि जेवणानंतर पान-तंबाखू मागतो! मांसाहाराचंही वावडं नाही. त्यांच्या मनातल्या संन्याशाच्या चित्रात हे कुठेच बसेना.

किल्ल्यात हरिपद मित्र नावाचे बंगाली वनाधिकारी राहत. १८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एक वकील मित्र स्वामींना त्यांच्याकडे घेऊन आले. हरिपदांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, हा भोंदू असणार, काहीतरी मागायलाच आला असणार. बोलणं ऐकून मत जरा बदललं आणि त्यांनी आपल्याकडे राहायला बोलावलं. तर स्वामींनी यजमानांना वाईट वाटेल म्हणून लगेच यायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पाहून हरिपद स्वतःच भाट्यांकडे गेले. तिथं वकील आणि पंडितांचा घोळका, आणि मधे बसून एकेकाला इंग्रजीत, हिंदीत, संस्कृतात शांतपणे उत्तर देणारा तो ‘भोंदू’. नंतर स्वामी त्यांच्याच घरी राहिले, आणि पतिपत्नी दोघांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली. मला मोठेपणा वाटतो तो हरिपदांचा. आपला पहिला ग्रह त्यांनी पुढे स्वतःच आठवणींत लिहून ठेवला, लपवला नाही.

पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९३ ला, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जगानं त्यांना ओळखलं. ४ जुलै १९०२ रोजी, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. शिकागोनंतर त्यांना ओळखणं सोपं होतं. बेळगावात ते अनोळखी होते, म्हणून इथली परीक्षा खरी होती.

आता माझं सांगते. गेल्या महिन्यात निपाणीहून बेळगावला येत होते. बसमध्ये शेजारी एक मावशी बसल्या. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या असाव्यात, कारण लुगड्याला, हातांना तो उग्र वास होता. मी ओढणी नाकाला लावली आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्या उठल्या. मला वाटलं, उतरणार. तर त्यांनी मला खिडकीकडे सरकायला सांगितलं. मला गाडी लागतेय असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांच्याबद्दल काय ठरवलं आणि त्यांनी माझ्याबद्दल काय ठरवलं!

कुमसाराला जाताना मी खोटं बोलणं, चुकलेली मिस्सा सगळं आठवून जाते. लोकांना मनातल्या मनात जोखणं त्या यादीत कधी नव्हतंच. ‘इमिटेशन’मध्ये घाईनं दुसऱ्याचा न्याय करू नये यावर एक आख्खं प्रकरण आहे. ते परवा पहिल्यांदा नीट वाचलं.

स्वामी चिलमीसाठी मागे फिरले. मला बसमध्ये मागे फिरता आलं नाही. बेळगाव आलं आणि मावशी गर्दीत दिसेनाशा झाल्या. साधं थँक्यूसुद्धा म्हणायचं राहिलं.