उंदराच्या आधीचा वॉल्ट

आधीच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

मला गेम्समध्ये कॅरेक्टर ॲनिमेटर व्हायचंय. (घरी अजून अर्धंच सांगितलंय.) सुट्टीत मी ब्लेंडरवर एका रोबोची चाल ॲनिमेट केली आणि इंटर्नशिपसाठी एका स्टुडिओला पाठवली. उत्तर आलं, चाल बरोबर आहे, पण चालणारा कोण आहे ते कळत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याच सुमारास रूममेटच्या लॅपटॉपवर एपिक मिकी खेळत होते. मूळ गेम २०१० चा, नवी आवृत्ती २०२४ ची. त्यात मिकीवर जळणारा ऑस्वाल्ड नावाचा ससा भेटला. हा कोण, म्हणून शोधायला गेले आणि सापडला वॉल्ट डिस्ने. पण सूटबूटातला, श्रीमंत नव्हे. आपल्याच वयाचा आणि खिसा रिकामा असलेला!

वॉल्टचा जन्म १९०१ चा, शिकागोचा. लहानपणी कॅन्सस सिटीत तो भाऊ रॉयबरोबर पहाटे पेपर टाकायचा. १९१९ मध्ये एका आर्ट स्टुडिओत नोकरी लागली. तिथे अब आयवर्क्स हा चित्रकार मित्र मिळाला आणि थोड्याच दिवसांत नोकरी गेली. पुढे तो जाहिरातींच्या फिल्म्स बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथे कागदाच्या बाहुल्या कापून, थोड्या थोड्या हलवून शूटिंग करायचे. वॉल्टला ते पुरेना. त्याने लायब्ररीतून लुट्झ यांचं ॲनिमेशनवरचं पुस्तक आणलं, कंपनीचा कॅमेरा मागून घेतला आणि रात्री गॅरेजमध्ये प्रयोग सुरू केले. त्याचा कोर्स म्हणजे एवढाच!

१९२२ मध्ये विसाव्या वर्षी त्याने लाफ-ओ-ग्राम ही स्वतःची कंपनी काढली. फिल्म घेणारी कंपनीच बुडाली, पैसे आले नाहीत. शेवटी पठ्ठ्या ऑफिसातच झोपायचा आणि आंघोळीला रेल्वे स्टेशनवर जायचा. १९२३ मध्ये दिवाळं निघालं. मग तो हॉलिवूडला गेला आणि रॉयच्या साथीने पुन्हा स्टुडिओ उभा केला. अबही मागोमाग आला. अब आपल्यापेक्षा कितीतरी चांगला ॲनिमेटर आहे हे वॉल्टने ओळखलं आणि स्वतः पेन्सिल खाली ठेवून गोष्ट आणि पात्रं यांवर लक्ष दिलं.

१९२७ मध्ये ऑस्वाल्ड आला आणि हिट झाला. १९२८ मध्ये वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तर वितरक उलट पैसे कमी करायला निघालेला! बहुतेक ॲनिमेटर त्याने आधीच फोडले होते आणि सशाचे हक्क होते युनिव्हर्सलकडे. वॉल्ट हात हलवत परतला. अब मात्र फुटला नाही. दोघांनी मिकी घडवला, आणि १८ नोव्हेंबर १९२८ ला स्टीमबोट विली पडद्यावर आला. (ऑस्वाल्डचे हक्क डिस्ने कंपनीला थेट २००६ मध्ये परत मिळाले!)

माझं उत्तर मात्र मिकीत नाही, १९३३ च्या थ्री लिटिल पिग्समध्ये सापडलं. तिन्ही डुकरं दिसायला जवळजवळ सारखीच. पण दोघं उनाड आणि तिसरा कामसू, हे त्यांच्या हालचालींवरूनच ओळखू येतं. त्यामागे मेहनतही होती. वॉल्ट आपल्या ॲनिमेटर्सना स्वतः गाडी चालवत रात्रीच्या ड्रॉइंग क्लासला सोडायचा. १९३२ मध्ये तर त्याने क्लास स्टुडिओतच आणला. म्हणूनच १९३७ मध्ये स्नो व्हाइट शक्य झाला.

तो काही देवमाणूस नव्हता. १९४१ मध्ये त्याच्याच ॲनिमेटर्सनी पगार, श्रेय आणि युनियन यांसाठी संप केला, तेव्हा तो कठोरपणे वागला. एकेकाळी ज्याचा ससा गेला, त्याला हे कळायला हवं होतं असं मला वाटतं. १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला.

असो. गेममध्ये काम आणखी कठीण आहे. खेळणाऱ्याने बटण दाबताक्षणी पात्राला पळावं लागतं, आणि काहीच दाबलं नाही तर नुसतं उभं राहूनही आपण कोण ते दाखवावं लागतं. सध्या मी तोच रोबो तीनदा चालवतेय. एक आळशी, एक घाबरट आणि एक नुकताच नापास झालेला. तिसरा सगळ्यात छान जमलाय (अनुभव!). काल आईला व्हिडिओ पाठवला. तिने विचारलं, हा बिचारा एवढा उदास का गं?

आता उरलेलं अर्धं घरी सांगायला हरकत नाही.