ज्यूल व्हर्न : कल्पनेमागील कष्ट

चंद्राकडे झेपावणारा तोफगोळा, सागरतळीं फिरणारी पाणबुडी, 80 दिवसांत पुरी झालेली पृथ्वीप्रदक्षिणा अशा अद्भुत कथा ज्यानें जगाला दिल्या, त्या ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस परिचित असेल. भविष्यकाळ त्याला जणूं दिव्यदृष्टीनें दिसत असे, असा पुष्कळांचा समज आहे. त्याचें चरित्र पाहतां आम्हांस मात्र निराळेंच दिसतें, आणि तेंच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

व्हर्नचा जन्म 8 फेब्रुवारी 1828 रोजीं नांत या बंदराच्या शहरीं झाला. वडील वकील होते. मुलानें आपलाच व्यवसाय पुढें चालवावा म्हणून त्यांनीं त्याला कायद्याच्या अभ्यासासाठीं पॅरिसला धाडलें. त्यानें अभ्यास पुरा केला खरा, पण त्याचें मन नाटकें लिहिण्यांत गुंतलें. नाटकांवर पोट भरेना. 1857 सालीं विवाह झाल्यावर त्यानें शेअर बाजारांत दलालीचें काम पत्करलें. परंतु पहाटे उठून, बाजाराची वेळ होण्यापूर्वीं लिहावयाचें, हा नेम त्यानें सोडला नाहीं. भूगोल, शास्त्र व प्रवासवर्णनें यांचें वाचनही अखंड चाललें होतें.

1863 सालीं, वयाच्या 35 व्या वर्षीं, बलूनमधून केलेल्या आफ्रिकेच्या प्रवासाची त्याची कादंबरी एत्झेल या प्रकाशकानें छापली व ती लोकप्रिय झाली. त्यानंतर विसाव्या शतकांतील पॅरिसचें चित्र रंगविणारी दुसरी कादंबरी व्हर्ननें पुढें केली. ती मात्र एत्झेलनें नाकारली. ती छापून निघावयास 1994 साल उजाडलें! व्हर्न खचला नाहीं. हस्तलिखित बाजूस ठेवून तो पुन्हां कामास लागला.

त्याची लेखनपद्धति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. 1871 पासून तो आमिएँ या गांवीं राहिला. पहाटे पांचला उठून तो मध्याह्नापर्यंत लिही. जेवणानंतर तेथील एका संस्थेच्या वाचनालयांत जाऊन वर्तमानपत्रें व शास्त्रीय नियतकालिकें वाची आणि उपयोगी वाटेल तें टिपून घेई. त्याच्याच सांगण्याप्रमाणें हीं टिपणें पुढें 20,000 वर गेलीं होतीं. कथेचा शेवट ठरल्यावांचून तो आरंभ करीत नसे. प्रथम प्रकरणांचा आराखडा, मग पेन्सिलीनें लेखन, त्यावर शाई, आणि शेवटीं मुद्रितांवर पुन्हां पुन्हां दुरुस्त्या, असा त्याचा क्रम होता.

या कष्टांचें फळ पाहा. 1865 च्या चंद्रविषयक कादंबरींत तोफ अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतांत उभारली आहे. विषुववृत्तापासून सुमारें 28 अंशांच्या आंतच चंद्र बरोबर डोक्यावर येऊं शकतो, या हिशेबानें त्यानें ती जागा निवडली. 1969 सालीं माणसें चंद्राकडे निघालीं तींही फ्लॉरिडांतूनच. अर्थात् सारेंच बरोबर ठरलें नाहीं. तशा तोफेच्या धक्क्यानें आंतील प्रवासी तत्काळ गतप्राण झाले असते.

पाणबुडीचा नायक नेमो याला रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार करावा असें व्हर्नच्या मनांत होतें. रशियांतील वाचक दुरावतील म्हणून एत्झेलनें हरकत घेतली. दोघांचा वाद झाला आणि 1870 सालीं पुऱ्या झालेल्या त्या कादंबरींत नेमोचा देश गुप्तच राहिला. पुढें 1875 सालीं दुसऱ्या एका कादंबरींत तो बुंदेलखंडचा राजपुत्र व 1857 च्या संग्रामांतील योद्धा म्हणून प्रगट झाला! नायकाचा देश बदलला, परंतु जुलमाविरुद्धचा त्याचा संताप व्हर्ननें बदलूं दिला नाहीं.

व्हर्ननें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. तरीही 1880 सालीं वाफेच्या हत्तीची कथा लिहितांना त्यानें तिचा आरंभ औरंगाबादेंत केला आणि नानासाहेब पेशव्यांस तींत पात्र केलें. तें चित्र एकांगी उतरलें आहे. टिपणें कितीही असोत, तीं ज्या ग्रंथांतून घ्यावीं त्यांचे पूर्वग्रह त्यांबरोबर येतात, हाही धडा येथें घेण्याजोगा आहे.

1886 सालीं मनोविकार जडलेल्या पुतण्यानें झाडलेली गोळी पायास लागून व्हर्न जन्माचा लंगडा झाला, आणि त्याच महिन्यांत एत्झेल वारला. पुढें मधुमेह जडला, दृष्टि मंदावली. तथापि 24 मार्च 1905 रोजीं देहावसान झालें तोंपर्यंत त्याच्या 50 हून अधिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या.

कल्पनाशक्ति ही ईश्वराची देणगी खरी. पण मिळालेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण जाणतोंच. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्याला कथा सुचत असेल, त्यानें आजच एक वही करावी, वाचलेलें टिपावें आणि नाकारलेला निबंध पुन्हां लिहावा. पालकांनींही मुलाच्या स्वप्नाळूपणास हंसण्यापूर्वीं त्याच्या हातीं ती वही द्यावी.