६१७४ वाले कापरेकर आणि तुमच्या ॲपमधला बायनरी डेटा

एक छोटा प्रयोग करूया. मोबाईल हातात घ्या आणि मराठी कीबोर्डवर 'साखरशेत' असं टाईप करा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागातलं हे गाव. स्क्रीनवर तुम्हाला पाच अक्षरं दिसतील. फोनच्या हिशेबात मात्र ती सात चिन्हं आहेत, कारण 'सा'चा काना आणि 'शे'ची मात्रा वेगळी मोजली जाते. इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे साखरशेत झालं २१ बाइटचं. त्यातला नुसता 'स' म्हणजे २२४, १६४, १८४ हे तीन आकडे.

हे २१ आकडे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातात. मध्ये ना स्वल्पविराम, ना रिकामी जागा. तीन-तीन आकडे एकत्र वाचायचे हा नियम समोरच्या फोनला माहीत असेल, तरच गावाचं नाव दिसतं. नसेल तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात. नियमाप्रमाणे माहितीचे आकडे करणं म्हणजे एन्कोड आणि त्या आकड्यांतून माहिती परत काढणं म्हणजे डिकोड. आणि तो नियम नीट लिहून ठेवणं म्हणजे डॉक्युमेंटेशन, ज्याचा बहुतेक प्रोग्रामरना कंटाळा येतो.

आज ज्यांची गोष्ट सांगणार आहोत त्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही. ते शाळेत शिकवायचे आणि आकड्यांशी खेळायचे. पण नियम साधा आणि स्पष्ट लिहून ठेवला तर काय होतं, हे त्यांच्या आयुष्यातून छान कळतं.

डहाणूचा मुलगा

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू आज साखरशेतच्याच, म्हणजे पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी घरातच लागली.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० मध्ये नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

रेघ कुठे मारायची?

२०२५ साल लागलं तेव्हा तुम्हालाही एक फॉरवर्ड आला असेल. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

आता दुसरी बघा. २९७ चा वर्ग ८८२०९. हे पाच आकडे आहेत, मग रेघ कुठे मारायची? ८८ आणि २०९ असे भाग केले तर बेरीज २९७ येते. ८८२ आणि ०९ असे केले तर ८९१ येते. आकडे तेच, रेघ हलली की उत्तर हललं. म्हणून नियम लागतो: मूळ संख्येत जितके आकडे, तितके उजव्या भागात घ्यायचे.

नियम थोडा सैल ठेवला तर काय होतं तेही बघा. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१. नियमाप्रमाणे उजवीकडे चार आकडे घेतले तर २३८० अधिक ४६४१, म्हणजे ७०२१. जमलं नाही. उजवीकडे पाच आकडे घेतले तर २३८ अधिक ०४६४१, म्हणजे बरोब्बर ४८७९! त्यामुळे कापरेकर संख्यांच्या काही याद्यांमध्ये ४८७९ आहे आणि काहींमध्ये नाही. दोन्ही याद्या आपापल्या नियमाने बरोबर आहेत. कुठला नियम धरलाय ते लिहिलेलं नसेल तर मात्र वाचणारा फसतो.

बायनरी डेटाची अडचण अगदी हीच. समजा एका ॲपने कापरेकरांची जन्मतारीख १९०५०११७ अशी साठवली. पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, शेवटचे दोन दिवस. हे ज्याला माहीत नाही तो पहिले दोन आकडे दिवस समजेल, पुढचे दोन महिना, आणि १९ मे ०११७ अशी तारीख दाखवेल. ॲप बंद पडणार नाही, एररही येणार नाही. फक्त माहिती चुकेल, आणि चूक झाली हे कुणाला कळणारही नाही.

६१७४ : सगळ्या वाटा एकाच गावाला

कापरेकरांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ६१७४. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच थांबता.

त्यांच्या जन्मसालावरच करून बघू. १९०५ : ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सात पायऱ्या! इथेही एक नियम लपलाय. ०१५९ मधलं शून्य सोडायचं नाही, चारही जागा धरायच्या. ही अट लिहिली नाही तर एखादा १००० घेईल, वजाबाकी करून ९९९ वर येईल आणि त्याचे तीनच आकडे धरून थेट शून्यावर पोहोचेल.

आता त्यांच्या मृत्यूचं साल घ्या, १९८६. पहिल्याच पायरीला ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. इथून पुढची वाट वरच्यासारखीच. म्हणजे तुमच्या हातात नुसतं ८१७२ दिलं, तर सुरुवात १९०५ पासून झाली होती की १९८६ पासून, हे सांगता येणार नाही. वाट पुढे जाते, मागे येत नाही. एन्कोड करताना असं चालत नाही. जे पाठवलं तेच परत मिळायला हवं.

बाप नसलेल्या संख्या

त्यांचा आणखी एक खेळ. २३ घ्या, त्यातल्या आकड्यांची बेरीज ५, ती २३ मध्ये मिळवा, आले २८. म्हणजे २८ चा जन्म २३ पासून झाला. पण काही संख्या अशा कुणापासूनच होत नाहीत. २० बघा, कुठूनही येत नाही. ३१, ४२, ५३ याही तशाच. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू संख्या म्हटलं. आपल्या गावाच्या नावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. उलट १०१ दोन ठिकाणांहून येते: ९१ पासून आणि १०० पासूनही.

डिकोड करणाऱ्याच्या नजरेने बघा. २८ मिळाले तर उत्तर एकच, २३. १०१ मिळाले तर उत्तरं दोन. २० मिळाले तर उत्तरच नाही, म्हणजे हा डेटा चुकीचा आहे. चांगल्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये या तिन्ही वेळी काय करायचं ते लिहिलेलं असतं.

किंमत नव्हती, पण कागद होता

ही सगळी मजा वाचताना सोपी वाटते. त्या काळात मात्र देशातले बरेच गणितज्ञ या कामाला पोरखेळ समजत. कापरेकरांकडे मोठी पदवी नव्हती, विद्यापीठात जागा नव्हती. तरी ते गणित परिषदांना पदरचे पैसे घालून जायचे. ६१७४ बद्दल त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर लेख आला. बाकीचं बरंच काम त्यांनी छोट्या पुस्तिकांमध्ये, स्वतःच्या खर्चाने छापलं. स्वयंभू संख्यांवरची अशी एक पुस्तिका १९६३ ची, देवळालीतच छापलेली.

शिक्षकाच्या पगारात पुस्तिका छापणं सोपं नव्हतं. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून निवृत्तीनंतरही ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांवर लिहिलं, आणि देवळालीच्या निवृत्त गुरुजींचं नाव जगभर झालं. गार्डनर कधी त्यांच्या वर्गात बसले नव्हते. पण नियम कागदावर होता, उदाहरण होतं, आणि पेन घेऊन कुणीही ते पडताळून बघू शकत होतं. कापरेकर ११ वर्षांनी, १९८६ मध्ये देवळालीला वारले.

आजच्या लायब्ररीत

आता पुन्हा मोबाईलकडे येऊ. लायब्ररी म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून आधीच लिहून ठेवलेला कोड. गूगलने २००८ मध्ये 'प्रोटोकॉल बफर्स' नावाची अशी एक पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. त्यात आधी एक साधी फाईल लिहायची: १ नंबरला नाव, २ नंबरला वय, ३ नंबरला गाव. डेटा पाठवताना 'नाव', 'गाव' हे शब्द जातच नाहीत, फक्त नंबर जातात. त्यामुळे डेटा लहान होतो आणि कमी रेंजमध्येही पटकन पोहोचतो. पण ती फाईल हरवली तर ३ नंबर म्हणजे गाव हे सांगणारं कुणी उरत नाही.

तुमच्यापैकी कुणी कोडिंग शिकत असेल, तर पुढच्या प्रोजेक्टमध्ये एवढं करा. प्रत्येक फील्ड किती बाइटचं आहे ते लिहा. शून्य सोडायचं की धरायचं ते लिहा. चुकीचा डेटा आला तर काय होईल ते लिहा. आणि पूर्ण सोडवलेलं एक तरी उदाहरण द्या. दोन वर्षांनी तो कोड उघडणारा बहुतेक वेळा दुसरा कुणी नसतो, आपणच असतो, आणि तोवर आपणही सगळं विसरलेलो असतो.

आणि हो, तुमच्या जन्मसालापासून ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते नक्की मोजून बघा. गुरुजींचा नियम वर दिलाय, कॅल्क्युलेटर तुमच्या हातातच आहे.