ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरांनी लोखंडी नांगर कसा विकला? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

यंत्र, आराखडा, कोड यांत रमलेल्या माणसाला कुणी सांगितलं की, उद्यापासून गिऱ्हाईक सांभाळायचं, तर त्याच्या पोटात गोळा येतो. यंत्र एकदा बरोबर जुळवलं की चालतं. माणसाचं तसं नसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हा बदल सव्वाशे वर्षांपूर्वी केला. तोही अशा मालासाठी, जो घ्यायला गिऱ्हाईकच तयार नव्हतं.

रंग ओळखता येईनात, म्हणून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथं झाला. चित्रकलेची आवड म्हणून त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथं लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. रंगकाम सुटलं, पण रेषेवरचा हात पक्का होता. त्यांनी यांत्रिक रेखांकन, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगचा रस्ता धरला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे सहायक शिक्षक झाले.

नोकरी कायमची आणि मानाची होती. ती चालू असतानाच एक जोडधंदा उभा राहिला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, त्या विकत. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आपली स्थापना 1888 सालची मानते, ती या दुकानापासूनच.

त्या काळात सायकल विकायची तर आधी ती चालवायला शिकवावी लागे. रामूअण्णा 15 रुपये फी घेऊन लोकांना शिकवत. पुढे किर्लोस्करांच्या धंद्यात जे घडलं त्याचं बीज इथं दिसतं. गिऱ्हाईक नवखं असेल, तर माल हातात देऊन काम संपत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दोन वर्षं एकही नांगर खपला नाही

बेळगावात सायकलींच्या जोडीला छोटा कारखाना सुरू झाला. कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर. विलायती नांगर बाजारात होते. तसाच नांगर इथं बनवायचा हे लक्ष्मणरावांनी ठरवलं आणि करून दाखवलं.

लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचा वळणदार पंखा माती उलटी टाकतो. काळ्या रानात माजलेली हरळी आणि कुंदा मुळासकट वर काढायला हेच हवं होतं. कागदावर सगळं चोख होतं.

पण पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता.

या समजावर आज हसू येतं, पण त्याच्याकडे शेतकऱ्याच्या बाजूनंही बघायला हवं. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. बिडाचा भाग तुटला तर गावच्या लोहाराला तो जोडता येत नसे. ऐन हंगामात नांगर बंद पडला तर वर्ष वाया जायचं. ज्याचं पोट एका पिकावर आहे, त्यानं अनोळखी वस्तूवर पैसे लावावेत कशाच्या भरवशावर?

इथंच ड्रॉइंगच्या मास्तरांची खरी परीक्षा होती. आराखड्यात चूक नव्हती, त्यामुळे तो सुधारून उपयोग नव्हता. नांगराआधी नांगर बनवणाऱ्यावर विश्वास बसायला हवा होता, आणि त्याला वेळ द्यावा लागणार होता. लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. हळूहळू नांगराचं काम लोकांच्या डोळ्यांसमोर आलं आणि मागणी वाढू लागली.

माळावरची वाडी

धंदा जम धरत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा आणि 10 हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर बनले.

यातही एक गोष्ट दिसते. औंध असो वा कोल्हापूर, अडचणीत मदत आली ती लक्ष्मणरावांनी जोडलेल्या माणसांकडून.

गिऱ्हाइकांशी बोलणारं मासिक

1920 साली किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे त्यात सामाजिक लेखन, कथा, विचार येत गेले आणि त्याचं 'किर्लोस्कर' हे मराठीतलं गाजलेलं मासिक झालं. ज्यांना नांगराशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांच्याही घरात किर्लोस्कर हे नाव पोचलं.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी हा उद्योग पुढे नेला आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, भारत सरकारनं त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं.

तांत्रिक काम सोडून गिऱ्हाइकांकडे वळणाऱ्याला वाटतं की आपलं जुनं शिक्षण आता वाया गेलं. लक्ष्मणरावांचं ड्रॉइंग वाया गेलं नाही, त्याच्याशिवाय नांगर झालाच नसता. फक्त तो शेतात पोचायला ड्रॉइंग पुरेसं नव्हतं. त्यासाठी समोरच्याची भीती समजून घ्यावी लागली, आणि दोन वर्षं थांबावं लागलं.