आयझेनहॉवर : अनेक देशांच्या फौजांचा एक सेनापती

दुसरे महायुद्ध आपण शाळेत सनावळीने पाठ केले. ६ जून १९४४, नॉर्मंडीची स्वारी, हे अजून अनेकांना आठवत असेल. त्या स्वारीचे सरसेनापती ड्वाइट आयझेनहॉवर पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेच नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या छावणीत ते रणगाडादळाच्या शिपायांना शिकवत राहिले. पुढे सोळा वर्षे मेजरच होते.

जन्म १८९० चा, टेक्ससमधला. बालपण कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन गावी. वडील दुग्धालयात कामाला, आई युद्ध न मानणाऱ्या पंथातली. फी नव्हती म्हणून मुलगा वेस्ट पॉइंटला गेला.

१९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेसाठी त्यांनी अमेरिकन आणि ब्रिटिश अशी दोन मुख्यालये ठेवली नाहीत. एकाच विभागात दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी बसवले. प्रमुख एका देशाचा, तर उपप्रमुख बहुधा दुसऱ्या. सहकाऱ्याशी कितीही भांडा, पण त्याचा देश काढायचा नाही, असा दंडक होता. तो मोडणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याला त्यांनी मायदेशी धाडल्याचे सांगतात. (दोन देशांत वाटलेल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना हा नियम किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.)

नुसत्या सलोख्याने मात्र भागत नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये कॅसरिन खिंडीत अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच तुकड्यांची सरमिसळ झालेली, हुकूम कोणाचा ते स्पष्ट नाही. जर्मनांनी अमेरिकनांना जबर तडाखा दिला. त्यानंतर आघाडीवरच्या सगळ्या फौजा ब्रिटिश सेनापती अलेक्झांडर यांच्या एका हाताखाली आल्या.

नॉर्मंडीच्या वेळी त्यांचे उपसेनापती टेडर, भूदलाचे माँटगोमेरी, आरमाराचे रॅमसे, विमानदलाचे ली-मॅलरी, सगळे ब्रिटिश. फ्रान्समधले रेल्वेमार्ग आधी उद्ध्वस्त करायला हवेत, असे आयझेनहॉवर यांचे मत. अवजड बाँबर विमानांचे प्रमुख ऐकेनात. तेव्हा या सौम्य माणसाने राजीनाम्याची तयारी दाखवली आणि विमाने आपल्या निर्देशाखाली आणली.

खरी कसोटी डिसेंबर १९४४ मध्ये लागली. आर्देनच्या जंगलातून जर्मन घुसले, अमेरिकन फळी दुभंगली. उत्तरेकडच्या दोन अमेरिकन सेना त्यांनी थेट माँटगोमेरींकडे सोपवल्या. त्यांचे जुने मित्र ब्रॅडली भयंकर संतापले. मला हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कारण त्यात स्वतःच्याच माणसांचा रोष ओढवून घ्यायचा होता. पण माँटगोमेरी जेव्हा सगळ्याच भूदलाचे नेतृत्व मागू लागले, तेव्हा एकतर ते राहतील नाहीतर मी, असा संदेश वरिष्ठांसाठी तयार झाला. माँटगोमेरींचे सहायक द गिंगां धावपळ करून मध्ये पडले, माफीचे पत्र आले, संदेश गेला नाही. लगेच जानेवारीत स्ट्रासबर्ग सोडण्याचा बेत द गॉल यांच्या हट्टापुढे त्यांनी मागे घेतला.

१९५१ मध्ये ते नाटोचे पहिले सरसेनापती झाले, १९५३ पासून आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष. मार्च १९६९ मध्ये निधन झाल्यावर साध्या सैनिकाच्या शवपेटीत, अ‍ॅबिलीनलाच त्यांचे दफन झाले.