जडसन साहेबांचा शोक

याकोबानें ईयोबाचा धीर वाखाणिला. पण त्याच ईयोबानें आपल्या जन्मदिवसास शाप दिला होता, हें आपण विसरतों. आपल्या मंडळ्यांत तर दुःखिताला उगी राहा म्हणण्याचीच रीत आहे.

अदोनिराम जडसन व मुंबईस आलेले गॉर्डन हॉल यांस १८१२ सालीं अमेरिकेंत एकाच दिवशीं दीक्षा मिळाली. जडसन ब्रह्मदेशांत गेले. १८२४ सालीं आवा येथील राजानें त्यांस कैदेंत टाकिलें. सुमारें सतरा महिने बेड्या सुटल्या नाहींत. मग १८२६ सालीं, ते दूर असतां, पत्नी ॲन वारल्या. सहा महिन्यांनीं दोन वर्षांची मरियाहि गेली.

तेव्हां ते खचले. मौलमेनजवळ रानाच्या कडेला झोपडी बांधून एकटे राहिले. कबर खणून तिच्या कांठीं बसत. देवाची जवळीक जाणवत नाहीं, हें त्यांनीं पत्रांतहि लपविलें नाहीं. मिशनरीनें असें लिहावें काय? आमच्या मतें लिहावें. कारण त्यांचें गाऱ्हाणें देवाकडेच तोंड करून होतें, आणि हातचें काम त्यांनीं टाकिलें नाहीं. १८३४ सालीं संपूर्ण शास्त्र ब्रह्मी भाषेंत उतरलें. ईयोबाचा विलाप व याकोबाचें पत्र, दोन्ही तिकडील मंडळ्या आजहि त्यांच्याच भाषांतरांत वाचितात.