मुंबई महानगरपालिकेचे शिल्पकार : सर फिरोजशहा मेहता

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकातून बाहेर पडले, की समोर महानगरपालिकेची भव्य दगडी इमारत दिसते. इमारतीच्या पुढे एक पुतळा उभा आहे. १९२३ मध्ये उभारलेला हा पुतळा सर फिरोजशहा मेहता यांचा आहे. राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद, विधिमंडळाचे सभासदत्व, निष्णात बॅरिस्टर म्हणून कीर्ती असे सारे काही त्यांना लाभले होते. तरीही शहराच्या पालिकेतील आपली जागा त्यांनी कधी कमी लेखली नाही. रस्ते, पाणी आणि दिवाबत्ती यांचा कारभार पाहणारी सभा हीच स्वराज्याची पहिली शाळा आहे, असे ते मानत.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८६४ मध्ये त्यांनी पदवी घेतली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या बुद्धिमान विद्यार्थ्यावर लोभ होता. कायद्याच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. परंतु १८६५ मध्ये मुंबईतील कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि त्या आर्थिक संकटात शिष्यवृत्ती बंद पडली. तशाही परिस्थितीत त्यांनी अभ्यास सोडला नाही. लंडनमध्ये दादाभाई नवरोजींचा सहवास त्यांना लाभला. तेथील सार्वजनिक जीवन त्यांनी जवळून पाहिले. इंग्लंडमधील अनेक शहरांत १८३५ च्या कायद्यानुसार करदाते नागरिक आपली नगर परिषद स्वतः निवडत असत. जो कर देतो, त्याला त्या कराचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्यांच्या मनात तेव्हाच रुजले. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

त्या वेळी मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती होता. त्याच्यावर देखरेख करण्यासाठी जस्टिस ऑफ द पीस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकांचे मंडळ होते. मात्र हे नागरिक सरकारने नेमलेले असत. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी होते. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारे बांधली, मोठी मंडई उभारली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. करांचा बोजा वाढला आणि १८७१ मध्ये शहरात असंतोषाचा भडका उडाला. आयुक्ताचे अधिकार काढून घ्यावेत, अशी मागणी होऊ लागली.

अशा तापलेल्या वातावरणात सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी फ्रामजी कावसजी सभागृहात एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे प्रवाहाच्या विरुद्ध होते. क्रॉफर्ड यांनी शहराचे भले केले आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. कारभार चालवण्यासाठी एकच जबाबदार अधिकारी हवा. पण त्याच्यावर करदात्यांनी निवडून दिलेल्या सभेचा अंकुश असला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. दोष एका व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. सभेतील अनेकांना हे विचार रुचले नाहीत. परंतु संतप्त जनसमुदायाला आवडेल तेच बोलावे, हा फिरोजशहांचा स्वभाव नव्हता.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, मुंबईच्या पालिकेसाठी नवा कायदा झाला. त्यानुसार पालिकेत ६४ सभासद असावेत, असे ठरले. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी, १६ सभासद जस्टिस मंडळींनी निवडायचे होते आणि उरलेले १६ सरकार नेमणार होते. म्हणजे निम्म्या जागा प्रथमच करदात्यांच्या मतावर सोपवण्यात आल्या. लवकरच फिरोजशहा या सभेत आले आणि मधला थोडा काळ वगळता अखेरपर्यंत तिचे सभासद राहिले. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते पालिकेचे अध्यक्ष झाले. त्या काळी महापौर हे पद नव्हते; सभेच्या प्रमुखास अध्यक्ष असेच म्हणत.

पालिकेसाठी अधिक व्यापक कायदा करण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा विधेयकाच्या मूळ मसुद्यात सभेचे अधिकार आकुंचित होण्याची भीती होती. फिरोजशहा आणि त्यांचे मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही त्या वेळी मुंबईच्या विधिमंडळात होते. त्यांनी कलमांचा बारकाईने अभ्यास करून सभेच्या अधिकारांचे रक्षण केले. त्यातून १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आकारास आला. सभासदांची संख्या ७२ झाली आणि शहराच्या कारभाराची अंतिम सत्ता सभेकडे राहिली. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजही याच कायद्याच्या पायावर उभा आहे.

फिरोजशहा सभेत पूर्ण तयारीनिशी येत. अंदाजपत्रकातील आकडे, कायद्यातील कलमे आणि पूर्वीचे ठराव त्यांना मुखोद्गत असत. त्यांच्या भारदस्त आवाजापुढे आणि बिनतोड युक्तिवादापुढे अधिकाऱ्यांनाही नमते घ्यावे लागे. त्यामुळेच काही इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचे वर्चस्व खुपू लागले.

१९०७ मध्ये पालिकेची निवडणूक आली. जस्टिस मंडळींनी निवडायच्या १६ जागांपैकी एका जागेसाठी फिरोजशहा उभे होते. प्रत्येक मतदाराला सोळा नावांना मते देता येत असत. या तरतुदीचा उपयोग करून त्यांना पाडण्याचा बेत आखण्यात आला. महालेखापाल हॅरिसन यांनी त्यात पुढाकार घेतला. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोवॅट फ्रेझर यांचाही त्यांना पाठिंबा होता. त्यांच्या गटाने सोळा उमेदवारांची एक यादी तयार केली आणि तीत फिरोजशहांचे नाव मुद्दाम वगळले. यादीतील सर्व सोळा जणांना एकगठ्ठा मते द्यावीत, असा प्रचार झाला. काही मोठे सरकारी अधिकारीच या खटपटीत असल्यामुळे मतदारांवर त्याचे दडपण आले.

मतमोजणी झाली. फिरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला. ज्यांनी पालिकेची घडी बसवली, त्यांनाच पालिकेचे दार बंद झाले. ही वार्ता पसरताच शहरात संताप उसळला. एका माणसाचा हा पराभव आहे, असे लोकांना वाटले नाही. अधिकारी जर आपल्या वजनाने निवडणूक फिरवू लागले, तर मतदानाला अर्थच उरणार नाही, ही चिंता त्यांना वाटू लागली.

फिरोजशहांनी संयम सोडला नाही. जो कायदा घडवण्यास त्यांनी हातभार लावला होता, तोच आता त्यांच्या साहाय्यास आला. निवडून आलेल्या सोळांपैकी एका सभासदाची निवड कायद्यानुसार अवैध ठरली आणि सतराव्या क्रमांकावरील फिरोजशहा पालिकेत परतले. चार वर्षांनी, १९११ मध्ये, ते पुन्हा अध्यक्ष झाले. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात बादशहा पंचम जॉर्ज मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा शहराच्या वतीने त्यांचे स्वागत करण्याचा मान फिरोजशहांकडेच आला. अधिकाऱ्यांनी ज्यांना सभेबाहेर काढू पाहिले होते, तेच शहराचे प्रतिनिधी म्हणून बादशहापुढे उभे राहिले.

फिरोजशहांचे कार्य पालिकेपुरते सीमित नव्हते. १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८९० मध्ये कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे वृत्तपत्र सुरू केले. राजकारणात ते नेमस्त पक्षाचे होते. लोकमान्य टिळकांच्या जहाल मार्गाशी त्यांचे जमले नाही आणि त्यांचा करारी स्वभाव सहकाऱ्यांनाही कधी कधी जाचक वाटे. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातील मताधिकार फार मर्यादित होता. ठरावीक कर भरणाऱ्यांनाच मत देता येई. गिरणीत राबणारा कामगार आणि हमाल मतदानापासून वंचितच होते. हे दार हळूहळू उघडत गेले. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया मुंबईच्या पालिकेत निवडून आल्या. १९४८ मध्ये तेथे प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभरातील नगरपालिकांना राज्यघटनेचा आधार मिळाला.

आज प्रभागातील मतदान केंद्रावर अशिक्षित मजूर आणि श्रीमंत व्यापारी एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांच्या मताचे मोल सारखेच असते. नळाला पाणी येते की नाही, गल्लीत दिवा लागतो की नाही, हे ठरवण्यात प्रत्येक मतदाराचा वाटा असतो. हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. त्यासाठी झटणाऱ्या पहिल्या पिढीत सर फिरोजशहा मेहता यांचे स्थान अग्रभागी आहे.

स्वाध्याय

१. १८७१ मध्ये मुंबईतील करदाते का असंतुष्ट होते? त्यावर फिरोजशहांनी कोणता उपाय सुचवला?
२. १९०७ च्या निवडणुकीत फिरोजशहांना पाडण्यासाठी कोणती युक्ती योजण्यात आली?
३. आपल्या गावातील किंवा शहरातील स्थानिक संस्था कोणकोणती कामे करते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.